टोपी-पट्ट्याची खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी खुंटी आहे. सागाची आहे, पण तो तोरा मिरवावा असे आता माझ्याकडे काही उरलेले नाही. रंग उडाला आहे, मानेवर भेग पडली आहे आणि वर्षानुवर्षे माझ्या अंगावर कुणी काही टांगलेले नाही. तुमच्या घरात खुंट्या असतील. त्यांच्यावर आईची पिशवी, बाबांचा सदरा, तुमचे दप्तर लटकत असेल. माझ्यावर मात्र फक्त दोनच वस्तू टांगल्या जात, आणि त्याही माणूस अडचणीत असला तरच. ऐका तर मग.

माझ्या आयुष्याची सुरुवातच एका चुकीने झाली. पलटणीच्या सुताराने मला घडवले, पण भिंतीची जाडी मोजायला तो विसरला. भिंत निघाली एका विटेची आणि मी होते चांगली हातभर लांब. ठोकता ठोकता माझे दुसरे टोक पलीकडच्या खोलीत बाहेर आले. सुताराने डोके खाजवले, इकडेतिकडे पाहिले आणि पलीकडच्या टोकावर चुन्याचा एक हात फिरवून तो मोकळा झाला. "कोण बघतंय?" असे म्हणाला. खरेच कुणी पाहिले नाही.

पण त्यामुळे झाले असे, की माझे डोके राहिले व्हरांड्यात आणि शेपूट राहिले आतल्या खोलीत. ती आतली खोली म्हणजे लष्कराचे न्यायालय. दोन्हीकडचे सगळे मला स्वच्छ ऐकू येई. बोलता मात्र कुठेच येत नसे.

सैनिकाच्या हातून गुन्हा घडला, किंवा घडला असे कुणाला वाटले, तर त्याचा न्याय सैन्यातच होतो. टेबलामागे पाच अधिकारी बसतात. ज्याच्यावर आरोप असतो त्याला आत नेण्यापूर्वी व्हरांड्यात थांबवतात. हवालदार त्याची टोपी काढून घेतो, कमरेचा पट्टा काढून घेतो आणि दोन्ही वस्तू माझ्यावर टांगतो. फार पूर्वी कुणी तरी रागाच्या भरात साहेबांना पट्टा फेकून मारला होता म्हणे, तेव्हापासूनची ही रीत. खरेखोटे मला ठाऊक नाही. पण डोक्यावर टोपी आणि कमरेला पट्टा नसला की एवढा धिप्पाड सैनिकही अंघोळ अर्धवट टाकून आल्यासारखा दिसतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

माणूस निर्दोष सुटला तर हवालदार स्वतः माझ्यावरची टोपी उतरवून त्याच्या हातात देई. दोषी ठरला तर निकालाचे कागद वर मोठ्या साहेबांकडे सहीला जात. सही होऊन ते परत येईपर्यंत टोपी-पट्टा माझ्याचकडे. सही झाली की दोन्ही वस्तू कोठारात जमा होत आणि मी पुन्हा रिकामी.

बाकीचे दिवस माझ्या वाऱ्यालाही कुणी उभे राहत नसे. चार हातांवर साहेबांच्या रेनकोटांच्या खुंट्या होत्या, त्यांची कशी रोज ऊठबस चाले! मी अपशकुनी ठरले होते. एकदा एका नव्या कारकुनाने न कळून आपली जेवणाची पिशवी माझ्यावर अडकवली. मला इतका आनंद झाला! तेवढ्यात हवालदार ओरडला, "अरे, काढ ती पिशवी! तिथे कुणी काही लावतं का? नोकरी नकोशी झालीये का तुला?" बिचाऱ्याने चटका बसल्यासारखी पिशवी ओढून घेतली.

त्याच हवालदाराने माझे एकदा कौतुकही केले होते. फडक्यावर तेल घेऊन मला पुसताना तो म्हणाला, "हिनं आजवर कुणाची टोपी खाली पडू दिली नाही." माझ्या उभ्या आयुष्यातली एवढीच काय ती शाबासकी. मी ती जपून ठेवली आहे.

माझ्यावर आलेल्या टोप्यांपैकी दोन मी विसरू शकत नाही. पहिली एका बिगुलवाल्याची. किडकिडीत पोरगा होता. न सांगता तीन दिवस गैरहजर राहिला, असा आरोप होता. माझ्यासमोर एक लांब बाक आहे. आरोपीचे नातेवाईक, मित्र तिथे बसत. त्या दिवशी बाकावर कुणीच नव्हते. आत त्याला विचारले, "तुला काही सांगायचं आहे?" तो म्हणाला, "नाही, साहेब." दुपारच्या आत सगळे आटोपले. त्याची टोपी सव्वीस दिवस माझ्यावर होती. मग कोठारात गेली. तो तीन दिवस कुठे गेला होता, हे मला अजूनही कळलेले नाही.

दुसरी टोपी ड्रायव्हरची. तिचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

हा ड्रायव्हर चौदा वर्षे ट्रक चालवत होता. नदीला पूर येऊन ओसरला होता आणि त्याच्या ट्रकमध्ये अकरा सैनिक होते. वाटेत एक लाकडी पूल लागला. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून पुलाखाली पाहून आला आणि त्याने गाडी पुढे न्यायला नकार दिला. बरोबरच्या कॅप्टनने हुकूम केला. ड्रायव्हरने किल्ली काढून कॅप्टनच्या हातात ठेवली. कॅप्टनने त्याला तिथल्या तिथे पहाऱ्यात घेतले, जीपमध्ये घालून मागे पाठवले आणि ट्रक बरोबरच्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे दिला. त्या दुसऱ्याला सगळे लंबू म्हणत. लंबूने ट्रक पलीकडे नेला. पुलाला काहीही झाले नाही.

आरोप होता हुकूम मोडल्याचा. सिद्ध झाला तर नोकरी जाणार, चौदा वर्षे पाण्यात जाणार आणि कपाळावर भित्रेपणाचा शिक्का बसणार तो कायमचा.

सुनावणीच्या सकाळी बाकावर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. पाठ अशी ताठ की बाकाला टेकायला म्हणून दिलेली फळी वायाच गेली. हवालदाराने त्यांना पाहताच टाचा जुळवल्या. "उस्ताद, तुम्ही?"

ते ड्रायव्हरचे वडील होते. याच पलटणीत त्यांनी तीस वर्षे नव्या पोरांना कवायत शिकवली होती. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना उस्तादच म्हणत. कुणाची टोपी बोटभर तिरपी दिसली तर ते त्याला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावत. हुकूम म्हणजे हुकूम, विचारतील तेवढेच बोलायचे, न विचारता तोंड उघडायचे नाही, हे त्यांनी शेकडो पोरांच्या गळी उतरवले होते. आणि आता त्यांचाच मुलगा हुकूम मोडल्याबद्दल उभा होता.

पहारेकऱ्यांनी ड्रायव्हरला आणले. हवालदाराने त्याची टोपी काढून माझ्यावर ठेवली, पट्टा अडकवला. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाबा."

उस्तादांनी मान वळवली. ते भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहत राहिले. मुलगा आत गेला तरी ते माझ्याचकडे पाहत होते. मला फार वाईट वाटले. म्हणावेसे वाटले, अहो, मी खुंटी आहे, तुमचा मुलगा तो तिकडे चालला.

आत कॅप्टनची साक्ष झाली. तो म्हणाला, "मी गाडी नेण्याचा हुकूम दिला. याने 'नेणार नाही' असं स्पष्ट सांगितलं."

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी म्हटलं होतं, माणसं बसवून नेणार नाही. खांब हललेला होता. रिकामी न्यायला मी तयार होतो."

"असं काही तो बोलला नाही," कॅप्टन म्हणाला.

झाले! एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध, आणि त्यातला एक कॅप्टन. ते अकरा सैनिक एव्हाना दूरच्या ठाण्यावर पोचले होते, त्यांना बोलावलेच नव्हते. ड्रायव्हरच्या बाजूने बोलायला एक अधिकारी दिलेला होता, पण त्याच्या हाती कागद पडले होते आदल्या दिवशी. मग लंबूला आत घेतले.

"ट्रक तू पलीकडे नेलास?"

"हो, साहेब."

"पुलाला काही झालं?"

"नाही, साहेब."

"जा."

लंबू बाहेर आला आणि उस्तादांना पाहून दचकलाच. त्याला कवायत त्यांनीच शिकवली होती. बाकाच्या कडेला जेमतेम टेकत तो म्हणाला, "उस्ताद, वाईट वाटतंय हो. तो घाबरट नाहीये. मीसुद्धा रिकामीच गाडी नेली."

उस्तादांनी पहिल्यांदाच माझ्यावरची नजर काढली. "रिकामी?"

"हो ना. तुमच्या मुलाची जीप निघून गेली आणि कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांना खाली उतरवलं. दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून एकेकाला पायी पलीकडे पाठवलं. मग मी एकट्याने गाडी नेली. जीव मुठीत धरून नेली, खोटं कशाला सांगू!"

"हे आत सांगितलंस?"

लंबू गोंधळला. "विचारलंच नाही, उस्ताद. तुम्हीच तर शिकवलंत, विचारतील तेवढंच सांगायचं."

मित्रांनो, त्या क्षणी भिंतीच्या एका बाजूला खरे काय ते कळले होते आणि दुसऱ्या बाजूला पाच माणसे ते न कळताच न्याय करायला बसली होती. मध्ये फक्त एका विटेची भिंत, आणि तीतून आरपार गेलेली मी. तोंड असते तर मी किंचाळले असते. जन्मात इतका एकटेपणा मला कधी वाटला नव्हता.

उस्ताद उठले. त्यांनी कोट नीट केला, दाराकडे दोन पावले टाकली. दारात हवालदार उभा होता. त्याने अडवले नाही. पण उस्ताद थांबले. बोलावल्याशिवाय आत कसे जायचे? विचारल्याशिवाय कसे बोलायचे? तीस वर्षांची सवय आडवी आली. ते परत फिरले आणि बाकावर बसले. पाठ तशीच ताठ.

आतल्या सगळ्यांना बाहेर काढून दार लावले गेले. उरले ते पाच जण आणि माझे चुना लावलेले शेपूट. आता मते द्यायची होती. यातही एक चांगली रीत आहे. सगळ्यात धाकट्या अधिकाऱ्याने आधी मत द्यायचे, सगळ्यात मोठ्याने शेवटी. का, तर मोठ्यांच्या तोंडाकडे बघून धाकट्याने होला हो म्हणू नये. कुणी काय मत दिले हे बाहेर फोडणार नाही, अशी शपथही ते घेतात. मला काही कुणी शपथ घातली नव्हती, तरी इतकी वर्षे मी चकार शब्द काढलेला नाही. आज तेवढे धाकट्या लेफ्टनंटचे सांगते. तो म्हणाला, "दोषी नाही." शेवटी तीन विरुद्ध दोन झाले. तीन मते 'दोषी' अशी पडली.

निकाल ऐकून ड्रायव्हर बाहेर आला, त्याने माझ्यावरच्या टोपीकडे पाहिले आणि उघड्या डोक्याने पहाऱ्यात निघून गेला. उस्ताद अंधार पडायला आला तरी बाकावरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. हवालदार म्हणाला, "उस्ताद, आज इथे काही नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले आणि टोपीकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी एकदम म्हणाले, "मला एक सांगायचंय. कुणी विचारलेलं नाहीये, पण सांगायचंय."

"सांगा की."

"तुला नाही रे. वर सांगायचंय. मोठ्या साहेबांना. सही व्हायच्या आत."

हवालदाराने त्यांना खाली बसवले, पाणी दिले. "अर्ज करता येतो. पण तो तुमच्या सहीने चालत नाही, त्याच्या सहीने जायला हवा. म्हणजे तुम्हाला त्याला भेटावं लागेल, उस्ताद. बोलावं लागेल त्याच्याशी."

उस्तादांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ज्या मुलाच्या हाकेला ओ दिली नाही, त्याच्यापुढे जायचे म्हणजे चेष्टा नव्हे. मग ते उठले आणि गेले.

तिथे काय झाले ते मला कसे कळणार? मी भिंतीत. पण संध्याकाळी हवालदार कारकुनाला सांगत होता, ते ऐकले. "अर्धा तास बसले होते दोघं. पहिली वीस मिनिटं कुणी तोंडच उघडेना. मग उस्ताद म्हणाले, 'माझं चुकलं.' त्यावर पोरगा म्हणाला, 'ते राहू द्या बाबा, सही कुठे करायची ते सांगा.'"

अर्ज वर गेला. त्याला लंबूचा जबाब जोडलेला होता. तो त्याने आपणहून लिहून दिला होता. लिहायला त्याला दोन दिवस लागले म्हणे, कारण आपणहून काही सांगायची त्याला सवयच नव्हती.

मग आम्ही वाट पाहत राहिलो, मी आणि ती टोपी. तिच्यावर धूळ बसली. पट्ट्याचे पितळी बक्कल काळवंडले. मी मनात म्हणत होते, बाई, तुझा माणूस येईल. पण खरे सांगायचे तर मला बिगुलवाल्याची टोपी आठवत होती.

एकेचाळिसाव्या दिवशी कागद परत आले. सही नव्हतीच. मोठ्या साहेबांनी लिहिले होते, पुन्हा बसा आणि लंबूला एक प्रश्न विचारा.

तेच पाच जण पुन्हा बसले. अध्यक्ष कर्नल होते. त्यांनी विचारले, "ट्रक पलीकडे नेलास तेव्हा गाडीत माणसं किती होती?"

"मी एकटा, साहेब."

"बाकीचे?"

"पायी आले. कॅप्टनसाहेबांनी उतरवलं. एकेकाला सोडलं, दहा-दहा पावलांवर."

लिहून घेणाऱ्याचे पेनसुद्धा थांबले. कॅप्टन म्हणाला, "खबरदारी म्हणून उतरवलं, सर."

"ड्रायव्हर तीच तर मागत होता," कर्नल म्हणाले. मग लंबूकडे वळले. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"विचारलं नव्हतं, साहेब."

कर्नल रागावतील असे मला वाटले. पण त्यांनी समोरचे कागद मिटले. मग म्हणाले, "खरं आहे. आम्ही विचारलं नव्हतं."

ड्रायव्हर निर्दोष ठरला. तो बाहेर आला तेव्हा उस्ताद बाकाजवळ उभे होते. हवालदाराने रीतीप्रमाणे टोपी माझ्यावरून उतरवली, पण ड्रायव्हरच्या हातात दिली नाही. ती त्याने उस्तादांपुढे धरली. "आज तुम्हीच द्या."

उस्तादांनी कोटाच्या बाहीने टोपीवरची धूळ पुसली. मुलाने मान वाकवली. त्यांनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि ती तिरपी बसली. चांगली दोन बोटे तिरपी. आयुष्यभर तिरप्या टोपीसाठी पोरांना मैदानभर पळवणाऱ्या त्या माणसाला ते दिसले नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"चल," ते म्हणाले. "तुझी आई जेवायची थांबली असेल." मुलगा तशीच तिरपी टोपी घालून त्यांच्याबरोबर निघाला आणि हवालदाराने त्याला हटकले नाही.

ते व्हरांड्याच्या टोकाला वळले आणि मी रिकामी झाले. मला आनंद झाला, पण अंगावरचे ओझे गेल्यावर किती सुने सुने वाटते, हेही त्या दिवशी कळले.

पुढे नवी इमारत झाली. न्यायालय तिकडे गेले. तिथे चकचकीत स्टीलचे हूक आहेत, असे ऐकते. हवालदार निवृत्त झाला. जाताना त्याने मला तेलाचे बोट लावले, नंतर कुणी लावले नाही. या व्हरांड्यात आता मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. कधी एखादा कोळी येतो, तेवढीच सोबत. परवा दोन गवंडी भिंत बघायला आले होते. एकाने माझे पलीकडचे टोक पाहिले आणि म्हणाला, "अरे, ही तर आरपार आहे!" इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आले. येत्या सोमवारी ते भिंत पाडणार आहेत.

मला स्वतःचे काही वाटत नाही. लाकूड ते लाकूड. पण एक गोष्ट मनातून जात नाही. ड्रायव्हर सुटला तो कशामुळे? कायदा तोच होता, पाच जण तेच होते, खोलीही तीच होती. बाकावर त्याच्यासाठी एक म्हातारा बसला होता, म्हणून लंबू त्याच्याशी बोलला आणि म्हणून खरे कळले. बिगुलवाल्याच्या वेळी बाक रिकामा होता. त्याचेही काही खरे असेल. ते कुणाला तरी ठाऊक असेल. ते सांगायला कुणी तरी व्हरांड्यातून गेलेही असेल, आणि बसलेले कुणी नाही असे पाहून पुढे निघून गेले असेल.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. जे ठाऊक आहे ते कुणी विचारायची वाट पाहू नका, सांगा. मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे. आणि कधी कुणावर आळ आला, सगळे त्याच्यापासून लांब झाले, तर त्याच्यासाठी बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. काही बोलला नाहीत तरी चालेल. नुसते बसा.

सोमवारी भिंत पडेल. तोवर हा बाक इथेच आहे.